दिंडिगलचं कुलूप

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कोणी शिकवणी घ्यायला नको. माझा भुताखेतांवर, संकेतांवर, 'मला आतून वाटलं होतं' वगैरेवर काडीचा विश्वास नाही. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. दिवा लागला नाही तर मी आधी फ्यूज बघते, मग वायर, मग मीटर. तिथून पुढे कुणा आत्म्याची पाळी आजवर आली नाही. आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये मुली प्लँचेट करायच्या, तेव्हा बोटाने वाटी ढकलणारी मुलगी मी होते.

हे आत्ता लिहिण्याचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात इथे कोणीतरी विचारलं होतं — नोकरीच्या पहिल्या वर्षी काय शिकलात? मी उत्तर टाइप करायला बसले आणि लक्षात आलं की मी जे शिकले ते ज्या दिवशी शिकले त्या दिवसाची एक गोष्ट मला अजून सोडवता आलेली नाही. तेव्हा सगळंच सांगते... तुम्हाला जमलं तर सोडवा.

२००५ साली मी नोकरीला लागले. मूळची इचलकरंजीची, शिक्षण सांगलीला, आणि पहिली नोकरी थेट चेन्नईला. चेन्नई म्हणजे शहरात नव्हे. शहर सोडून बंगलोर रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै नावाची सरकारी औद्योगिक वसाहत आहे, तिथे. हे नाव मला नीट उच्चारायला महिना लागला आणि आईला अजून येत नाही. राहायला अशोक नगरमध्ये बायकांचं हॉस्टेल, पहाटे कंपनीची बस, बसमध्ये सगळे झोपलेले आणि मी एकटी खिडकीतून पाट्या वाचत तमिळ शिकते आहे, असं ते वर्ष.

कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायची. मोठे प्रेस होते. दोन मजले उंच यंत्र, वरून साचा येतो, पत्रा दाबला जातो, दाराचा किंवा बॉनेटचा आकार घेऊन बाहेर पडतो. मी मेंटेनन्सला ट्रेनी. त्या खात्यातली पहिली बाई. त्यामुळे पहिले काही दिवस माझ्याशी कोणी बोलेना, आणि मी बोलले की सगळे आदराने ऐकून घ्यायचे व हवं ते करायचे. शेवटी एकदा एका मोटरची जोडणी मी बरोबर आहे म्हणत होते आणि बाकीचे चूक म्हणत होते. मी कव्हर उघडून दाखवलं. बरोबर होती. त्यानंतर 'मॅडम' या शब्दात जरा जीव आला. मी नम्र वगैरे नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिथे मला रावकाका भेटले.

खात्यातले सर्वांत जुने फिटर. उंचेपुरे, कल्ले राखलेले, मिशीला रोज तेल, खिशात कंगवा. स्वतःबद्दल बोलायला बसले की शिफ्ट संपायची. आपण नसतो तर ही कंपनी उभी राहिली नसती, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पहिल्या आठवड्यात मी बाबांशी फोनवर बोलत होते, ते ऐकून मागून आवाज आला, "कोण गांव मा, तुमचें?"

मी वळून बघितलं. मराठी तर होती, पण चाल पूर्ण तमिळ. रावकाका तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज केव्हातरी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी बोलतात, पण ती आपल्या आजीच्या आजीची मराठी, मध्ये मध्ये तमिळ शब्द, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रेमाचं ते 'मा'. त्यांना माझी मराठी वर्तमानपत्रातली वाटायची. "तूं बोलूलालीस तें मज अर्धें कळतें," असं ते सांगायचे आणि वर हसायचे. घरापासून इतक्या लांब कोणी 'मज' म्हटलेलं ऐकलं की मला उगाच भरून यायचं. चेन्नईत ते माझं एकमेव माणूस होतं म्हणा ना.

आता कामाचा एक नियम सांगते, तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोठ्या यंत्राच्या पोटात शिरून काम करायचं असेल, तर आधी मेन स्विच बंद करायचा. बंद केलेल्या स्विचच्या दांड्याला एक भोक असतं. त्यात पत्र्याचा एक चिमटा अडकवायचा, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्या चिमट्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. जितकी माणसं आत, तितकी कुलूपं बाहेर. माणूस बाहेर आला की त्याने स्वतः येऊन स्वतःचं कुलूप काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच चालू होऊच शकत नाही. आणि एखादं कुलूप कोणाचं आहे हे कळत नसेल, तर आत माणूस आहे असंच धरायचं. इतका साधा नियम आहे, आणि तो न पाळल्यामुळे किती लोकांचे हातपाय गेलेत ते विचारू नका.

माझा त्या नियमावर जीव होता. दर सोमवारी मी सगळ्यांना उभं करून तो सांगायचे. रावकाकांना मात्र ते कुलूप म्हणजे अपमान वाटायचा. "मी काय गोठ्यांतलें गुरूं आहें मा, बांधून ठेवायास?" असं म्हणत म्हणत लावायचे. पण लावायचे. मी समोर उभी असल्यावर न लावून सांगतात कोणाला.

दुसरी गोष्ट कुंकवाची. तिकडे आयुधपूजा म्हणजे मोठा सण — आपली खंडेनवमीच. आमच्या घरी माग होते, त्यामुळे यंत्राला हळदकुंकू वाहायचं हे मला नवीन नव्हतं. त्या दिवशी आमचे माग बंद, झेंडूच्या माळा, बाबा मागाच्या पाया पडायचे. पण तमिळनाडूत हे वर्षभर चालतं. नवीन गाडी असो, नवीन मोटर असो की साधं नवीन बेअरिंग, चंदन-कुंकवाचं बोट लागल्याशिवाय ते फिरवायचं नाही. फिटर लोक तर त्याशिवाय हातच लावायचे नाहीत.

माझ्या आधीच्या वर्षी एका परदेशी ग्राहकाचे लोक तपासणीला आले. त्यांनी नव्या कोऱ्या यंत्रावर लाल ठिपके बघितले आणि विचारलं, हा गंज आहे का? झालं. वरून हुकूम निघाला — यंत्राला काहीही लावायचं नाही. लिंबू नाही, कुंकू नाही, कापूर तर नाहीच. हुकूम काढणाऱ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. मला तेव्हाही वाटायचं की अशा गोष्टी हुकमाने मिटत नाहीत, पण ट्रेनीला विचारतो कोण.

तर २००६चा मे महिना. तिकडे त्या दिवसांना कत्तिरी म्हणतात, उन्हाळ्यातले सगळ्यात वाईट दिवस. रविवार होता, कारखाना बंद, फक्त आमची मेंटेनन्सची टोळी. एका प्रेसच्या खाली जमिनीत बोगदा आहे. त्यात पोलादी पट्टा फिरतो आणि कापलेल्या पत्र्याचे तुकडे बाहेर नेऊन टाकतो. त्या पट्ट्याचा गिअरबॉक्स गेला होता, नवा बसवायचा होता. संध्याकाळच्या शिफ्टला लाइन चालू हवी होती. मोठे साहेब गावाला, सुपरवायझरच्या घरी लग्न, त्यामुळे कामाची जबाबदारी माझ्यावर. माझं नोकरीत कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं, आणि या कामावर सगळ्यांचं लक्ष आहे हे मला नीट माहीत होतं.

काम झकास झालं. सकाळी सगळ्यांनी कुलूपं लावली, बोगद्यात उतरले, जेवणानंतर थोड्या वेळात नवा गिअरबॉक्स बसलासुद्धा. एकेक जण वर आला, आपापलं लाल कुलूप काढून घेतलं. रावकाकांनी काढलेलं मी स्वतः पाहिलं, कारण काढताना ते म्हणाले, "सुटलें मा, तुझें गुरूं." शेवटी मी माझं कुलूप काढलं, चिमटा काढून पेटीत टाकला. नावं घेऊन सगळे समोर आहेत हे बघितलं. मग इलेक्ट्रिशियन मुरुगेसनला घेऊन मी प्रेसच्या पुढच्या बाजूला गेले — हत्यारं राहिली नाहीत ना, झाकणं लागली ना, ते बघायला. त्याला कितीसा वेळ लागतो? एक कप चहा पिऊन होईल इतका.

परत आलो, मी स्विचच्या दांड्याकडे हात नेला, आणि हात तसाच राहिला.

दांड्याला कुलूप होतं.

आमचं लाल नव्हे. जुनं, पितळी, तळहाताएवढं. त्या भागात दिंडिगल गावची कुलूपं प्रसिद्ध आहेत, घरांना, देवळांना लावतात, वजनाला दगडासारखी. तसलं. पितळ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. मी ओढून बघितलं. पक्कं लागलेलं होतं.

"इंद पूट्टु नम्मळुदु इल्ले, मॅडम," मुरुगेसन म्हणाला. हे कुलूप आपलं नाही. तेवढं तमिळ मला येत होतं, आणि ते सांगायची गरजही नव्हती.

मला भीती वगैरे अजिबात वाटली नाही. मला राग आला. इतका की कानशिलं तापली. आज लाइन चालू करायची वेळ आणि कोणाला तरी नव्या मॅडमची गंमत करायची आहे, हे मी धरूनच चालले. टोळीतल्या बाकीच्यांना बोलावलं. हात-पाय धुऊन ते नळाजवळ उभे होते. "यारु पोट्टांग?" कोणी लावलं? सगळे कुलपाकडे बघायला लागले. एकाने देवाची शपथ घेतली. दुसरा वाकून ते निरखायला लागला, कारण त्याच्या सासऱ्याच्या घराला तसलंच होतं म्हणे. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. त्यांच्यातलं कोणी खोटं बोलत नव्हतं.

"राव सार कुठे?"

चहाला गेले असतील, असं कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन. हा गृहस्थ रविवारी घरी पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. लाइन झाली का? मी सांगितलं, झाली, पण स्विचला कोणाचं तरी कुलूप आहे. तो म्हणाला, कोणाचं? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, मग कापून टाका, त्यात विचारायचं काय.

खरं सांगते, मीही तेच ठरवलं होतं. मुरुगेसन हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, घेऊन आला, मी पातं कुलपाच्या दांडीवर टेकवलं होतं, फोन खांद्याला अडकवलेला. त्याच वेळी तो मॅनेजर ओरडला. इंग्रजीत ओरडला. तुमच्या कन्फर्मेशनचं मला बघावं लागेल, असं काहीतरी.

आमच्या घरात एक खोड आहे. आम्हाला कोणी घाई केली की आम्ही हळू होतो. बाबांना व्यापाऱ्यांनी घाई केली की ते मागावरून उठून पान जुळवत बसायचे. पी हळद नि हो गोरी म्हणणाऱ्या माणसाला माझ्याकडून आजवर काही मिळालेलं नाही. मी हॅक्सॉ खाली ठेवला आणि फोनवर सांगितलं, "सर, कुलूप कोणाचं ते कळत नाही, म्हणजे आत माणूस आहे असं मी धरणार. नियम आहे. सगळा बोगदा बघते, मग कापते." आणि फोन ठेवून दिला. तो परत वाजला, वाजू दिला.

त्यात शहाणपण किती होतं आणि हट्ट किती, हे मला विचारू नका. पण हॅक्सॉ ठेवला.

चहाचा थर्मास टेबलावर तसाच होता. कोणी उघडलेला नव्हता. रावकाका बाहेर झाडाखाली नव्हते, नळावर नव्हते. बोगद्याच्या पुढच्या झाकणावर तर आत्ताच मी उभी राहून आले होते. मग मी प्रेसला वळसा घालून मागे गेले. बोगद्याला मागच्या बाजूनेही एक उतरायची जागा आहे, फारशी वापरात नसलेली, वर लोखंडी झाकण.

झाकण बाजूला सरकवलेलं होतं. आणि शेजारी रावकाकांचे बूट काढून ठेवलेले होते. नीट, जोडीने, देवळाबाहेर ठेवतात तसे.

त्या बुटांकडे बघितल्यावर मला सगळं कळलं. म्हणजे, माणूस बूट कशासाठी काढतो? मी झाकणाच्या कडेला गुडघे टेकले आणि खाली डोकं घालून मराठीत ओरडले, "काका!"

खाली रावकाका अनवाणी बसले होते, पट्ट्याच्या साखळीला खेटून. तोंडात टॉर्च धरलेली, म्हणून हाकेला उत्तर नव्हतं. शिवाय वेगळ्या स्विचवरचा बोगद्याचा पंखा घोंघावत होता, त्यात आमचा गलका ऐकू जाणं शक्य नव्हतं. डाव्या हातात कुंकवाची डबी. आणि उजवा हात साखळी आणि दातेरी चाक यांच्या मधून कोपरापर्यंत आत घातलेला, नव्या गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला लावलं तर दिसेल, तपासणीत सापडेल. म्हणून मागे.

स्विच चालू केला की सगळ्यात आधी तो पट्टा फिरतो. प्रेसच्याही आधी.

त्यांनी वर बघितलं, डबी मांडीवर ठेवून टॉर्च हातात घेतली आणि अगदी खुशीत म्हणाले, "झालें मा, एक मिनिट. नवी वस्तू. कुंकू लावल्यावांचून फिरवणें बरें नाहीं."

मागोमाग आलेल्या मुरुगेसनने खाली उतरून त्यांचा हात बाहेर घेतला आणि त्यांना वर आणलं. मी त्यांना एवढंच विचारलं, "कुलूप तुम्ही लावलंत?"

"कोणतें कुलूप?"

त्यांना स्विचपाशी नेलं. त्यांनी ते दिंडिगलचं कुलूप बघितलं, खाली ठेवलेला हॅक्सॉ बघितला, आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्याला अजून कुंकू होतं. त्यांचं लाल कुलूप त्यांच्या खिशातच होतं. एक मिनिटाचं काम म्हणून ते लावायचं त्यांनी टाळलं होतं.

मग सगळ्यांना माझ्यासमोर रांगेत उभं केलं आणि कुलूप मी स्वतः कापलं. हाताला फोड आले, पण दुसऱ्याला दिलं नाही. दांडी तुटली, कुलूप हातात आलं. आणि आता ऐका, ही खरी गोष्ट. आतापर्यंतचं काहीच नाही.

कुलपाची दांडी माझ्या करंगळीहून जाड होती. स्विचच्या दांड्याचं भोक पेन्सिल जाईल इतकं.

मी ती तुटलेली दांडी भोकाला लावून बघितली. टोकसुद्धा शिरेना. मुरुगेसनने लावून बघितली. जाडी मोजायची व्हर्नियर पट्टी आणून मापली, कारण डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. दांडी भोकाच्या दीडपटीहून जाड. भोकाच्या कडेला कंपनीचा मूळ रंग होता, त्यावर ओरखडाही नाही. पण थोड्या वेळापूर्वी ते कुलूप त्याच भोकात होतं. मी ओढून बघितलं होतं. आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, आणि सगळे शुद्धीत होतो. तिथे उभे असलेले लोक एकेक करून मागे सरकले. मी मात्र परत परत लावून बघत राहिले, जणू काही दहाव्यांदा शिरेल.

लाइन उशिरा चालू झाली. मॅनेजरने सोमवारी माझी तक्रार केली, मी मोठ्या साहेबांसमोर रावकाकांना उभं केलं आणि घडलं ते सांगितलं. जाडीचा भाग सोडून. तो मी कंपनीत वर कोणालाच सांगितला नाही, कारण मला नोकरी हवी होती. पण एक मागणी केली — नव्या भागाला कुंकू लावायची परवानगी द्या, आणि ते सगळ्यांची कुलूपं स्विचवर असतानाच लावलं जाईल. उघडपणे, सगळ्यांसमोर. ग्राहकाला गंज वाटला तर मी सांगेन हा गंज नाही. साहेब म्हणाले, करा. तो नियम मी आजवर जिथे जिथे काम केलं तिथे नेला. पुण्याजवळच्या कारखान्यातही नेला. पहिल्या वर्षी काय शिकलात, याचं माझं उत्तर तेच — माणसं जे करणारच आहेत त्याला जागा द्या, नाहीतर ती मागच्या दाराने जाऊन करतात. आणि हो, कायम झाल्याचं पत्रही मिळालं.

कुलूप रावकाकांनी मागितलं. मी देऊन टाकलं. मला काय त्याचं लोणचं घालायचं होतं? आता वाटतं, ठेवायला हवं होतं, निदान तुम्हाला फोटो दाखवता आला असता.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. सैदापेटला दोन खोल्यांचं घर. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी सांबार-भाताबरोबर मुद्दाम माझ्यासाठी पुरणपोळी केली होती. जेवताना मी बाईंना ते सगळं सांगितलं, भोकाच्या मापासकट. त्यांना तरी सांगावंसं वाटलं. कोणी लावलं असेल, कसं लावलं असेल, माझे सगळे तर्क बोलून दाखवले. बाई शांतपणे वाढत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "कोण्ही लावलें तें मज नक्को मा. लावणारा लावून गेला. तूं तोडिलें नाहींस, म्हणून हे जेवायास बसले आहेत. तितकें मज पुरे." आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मी नको म्हटलं नाही. रडू येत होतं आणि पोळी खात होते, असला प्रकार.

मी मात्र 'पुरे' म्हणणाऱ्यांतली नाही. मी खूप प्रयत्न केले. उन्हाने धातू फुगतो? इतका नाही, आणि फुगला तर दोन्ही फुगतील. चिमट्याला लावलं होतं आणि मला दांड्याला लावलंय असं वाटलं? चिमटा पेटीत होता. कोणी कापलेलं कुलूप बदललं? माझ्या नजरेआड झालंच नव्हतं. गर्मीने सगळ्यांनाच भास झाला? मग मी कापलं काय? हाताचे फोड आठवडाभर होते. मी असल्या बाबतीत माघार घेणारी नाही, पण इथे घेतलेली आहे. मला माहीत नाही. तुम्ही 'गूढ शक्ती' म्हणाल तर मी मानणार नाही, आणि 'काहीतरी साधं कारण असेल' म्हणाल तर ते कारण मला सांगा, मी तुमची आभारी राहीन.

रावकाका आता सत्तरी ओलांडून गेलेत, निवृत्त होऊन तंजावरला राहतात. मिशी पांढरी झाली, बढाया तेवढ्याच आहेत. परवा नातवाच्या मुंजीचा फोटो पाठवला. नातू मांडीवर बसलेला, चांगला वजनदार दिसतोय. रावकाकांनी त्याला घट्ट धरलंय, दोन्ही हातांनी.